दोन निवडणुकांमधला उन्हाळा

दर चार वर्षांनी जून लागला की इथे अमेरिकेत अंगणांतल्या पाट्या निघायला लागतात. हिवाळ्यापासून गवतात रोवलेल्या, उन्हापावसानं विटलेल्या, उमेदवारांच्या नावांच्या पाट्या. प्रायमरी संपली, म्हणजे पक्षातल्या पक्षात कोण उभं राहणार ते ठरलं, की हरलेल्यांच्या पाट्या लोक निमूटपणे गॅरेजात नेऊन ठेवतात. जिंकलेल्याची नवी, मोठी पाटी छापून यायला अजून अवकाश असतो. मधले दोन-चार आठवडे अंगणं मोकळी दिसतात, आणि पाटी होती तिथे तारांची दोन भोकं तेवढी उरतात.

परवा सकाळी चालायला गेले तेव्हा कोपऱ्यावरच्या घरातली बाई पाटी उपटत होती. ओळखीचं हसली. म्हणाली, "आता खरी लढाई. आता बाकीच्यांशी बोलायचं." मीही हसले आणि पुढे गेले. पण ते 'बाकीच्यांशी' माझ्याबरोबर घरापर्यंत आलं. चहा टाकला, तो उतू गेला. श्रीधरकाकांची आठवण अशीच येते मला, दुसरं काहीतरी करत असताना.

ते वर्ष दोन हजार आठ. आम्ही व्हर्जिनियात, हर्नडनला राहत होतो. निखिल, माझा नवरा, एका सॉफ्टवेअर कंपनीत होता आणि मी घरी होते. अमरावतीला इंजिनियरिंग केलेलं, पुण्यात तीन वर्षं नोकरी केलेली. पण डिपेंडंट व्हिसावर आलेल्या बायकोला तेव्हा इथे कामाची परवानगी नव्हती. सकाळी निखिलची गाडी पार्किंगमधून बाहेर पडली की अपार्टमेंटमध्ये फ्रिजची घरघर तेवढी ऐकू यायची. मी भांडी डिशवॉशरमध्ये न घालता हातानं घासायची, तेवढाच वेळ जावा म्हणून. आईचा फोन आला की "मजेत आहे" म्हणायची. तिथल्या दोन वर्षांत मला कुणी "हे काम तुझ्याकडे" असं म्हटलं नव्हतं. हे सांगते ते सबब म्हणून नाही. पण पुढे मी जे केलं त्याच्या मुळाशी हे होतं.

काका भेटले ते मराठी मंडळाच्या संक्रांतीला. एका शाळेच्या कॅफेटेरियात कार्यक्रम होता. बाहेर बर्फ साचलेला, आत काळ्या साड्या आणि पायात बूट. काका तिळगूळ वाटत होते आणि प्रत्येकाच्या हातात वडीबरोबर एक कागद ठेवत होते, निवडणुकीचा. लोक वडी खायचे आणि कागद टेबलावर ठेवून द्यायचे. मी तो वाचला, कारण त्या दिवसांत मी शाम्पूच्या बाटलीवरचंसुद्धा वाचायची.

"येशील का आमच्याबरोबर? शनिवारी निघतो आम्ही, घरोघरी."

"काका, मला मत नाही इथे. मी सिटिझन नाही."

"मला आहे ना मत! तू नुसती चल. मत देता येत नाही तुला, पण मागता येतं. मी विचारून ठेवलंय."

श्रीधरकाका मूळचे वर्ध्याचे. सत्तरीला टेकलेले. इथल्या पाणीपुरवठा खात्यात त्यांनी तीस वर्षं नकाशे काढले होते. अक्षर असं की सही केली तरी छापल्यासारखी दिसावी. कुंदाकाकू आणि ते हर्नडनच्या जुन्या भागात एका बैठ्या घरात राहायचे. त्यांचा एकुलता एक मुलगा समीर सैन्यात होता, इराकमध्ये. त्याची ती दुसरी खेप होती.

त्या वेळी आपल्या लोकांत सैन्यात गेलेला मुलगा म्हणजे नवलच. डॉक्टर, इंजिनियर, फार तर वकील. मंडळात काकूंना कुणी समीरबद्दल विचारलं की विचारणाऱ्याचाच आवाज खाली जायचा.

फेब्रुवारीत आमच्या राज्याची प्रायमरी होती. आमचा उमेदवार कोण, हे सांगून आता काही साधणार नाही. तो युद्ध थांबवू म्हणत होता आणि काकांना तेवढं पुरेसं होतं. तीन आठवडे आम्ही दोघं दारं वाजवत फिरलो. काकांच्या डोक्यावर माकडटोपी, तिच्यावर जाकिटाचं हूड, हातात क्लिपबोर्ड. पेनातली शाई गोठायची, म्हणून ते पेन्सिल वापरायचे. गाडीत आल्याच्या चहाचा थर्मास. दर दहा घरांनंतर आम्ही गाडीत येऊन बसायचो, हीटरसमोर बोटं धरायचो आणि तो चहा प्यायचो. चहापेक्षा त्याची वाफच जास्त आठवते मला. काका चष्मा काढून ती वाफ डोळ्यांवर घ्यायचे.

आम्हाला प्रचाराच्या ऑफिसातून एक कागद दिलेला असायचा, दारात काय बोलायचं त्याचा. काका तो बाजूला ठेवायचे. दार उघडलं की टोपी काढायचे आणि म्हणायचे, "माझं नाव श्रीधर. माझा मुलगा इराकमध्ये आहे. तो गेला तेव्हा मी विमानतळावर गेलो नाही, रागावलो होतो म्हणून. तो परत येईल तेव्हा मला जायचंय. त्यासाठी मी तुमच्याकडे मत मागायला आलोय."

एवढंच. त्यांच्या इंग्रजीत वर्धा जसंच्या तसं होतं. पण त्या थंडीत लोक दारं उघडी धरून उभे राहायचे. घरातली ऊब बाहेर चालली आहे याचंही त्यांना भान नसायचं. एक बाई आम्हाला आत घेऊन गेली आणि तिनं काकांना स्वतःच्या भावाचा फोटो दाखवला. एका म्हाताऱ्यानं त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. मी दोन पावलं मागे उभी राहायची आणि कागदावर खूण करायची: आपला, आपला, आपला.

एकदा गाडीत मी विचारलं, "काका, समीरला माहीत आहे का, तुम्ही हे असं सांगता ते?"

"त्याला कशाला सांगायचं?" ते म्हणाले. "त्याच्याशी फोनवर हवापाण्याचं बोलतो मी. तिकडे धूळ, इकडे बर्फ."

आम्ही जिंकलो. आमच्या राज्यात तर जिंकलोच. मग वसंतभर बाकीच्या राज्यांतल्या लोकांना फोन करत राहिलो. डॉगवुडची झाडं फुलांनी पांढरीशुभ्र झाली, फुलं गळाली. आणि जूनमध्ये देशभरची प्रायमरी संपली, आमचा उमेदवार पक्षाचा उमेदवार झाला. आम्हाला वाटलं, आता फक्त हेच आणखी जोरात करायचं.

मेगन आली ती त्याच आठवड्यात. ओहायोची, सव्वीस वर्षांची, आमच्या भागाची प्रमुख म्हणून तिला वरून पाठवलं होतं. गालिच्यांचं एक दुकान बंद पडलं होतं, त्या जागेत नवं ऑफिस उघडलं. लोकरीचा आणि गोंदाचा वास शेवटपर्यंत गेला नाही तिथला. मेगन कागदी कपात कोरडं सिरिअल घेऊन ते शेंगदाण्यांसारखं खात फिरायची. हुशार मुलगी. दुष्ट तर अजिबात नव्हती. मला तिच्यावर सगळं ढकलता आलं असतं तर हा लेख लिहावा लागला नसता.

पहिल्या दिवशी तिनं भिंतीवर आमच्या भागाचा नकाशा लावला आणि सगळ्यांना समोर बसवलं. "प्रायमरीत तुम्ही आपल्याच माणसांशी बोलत होतात," ती म्हणाली. "ती आता आपल्याकडेच आहेत. ती कुठे जात नाहीत. आता जी माणसं मधे उभी आहेत, त्यांच्याशी बोलायचं. आणि त्यांना जे ऐकायचंय ते बोलायचं." यादीतल्या प्रत्येक मतदाराला एक ते पाचमधला आकडा दिलेला होता. एक म्हणजे पक्का आपला, पाच म्हणजे पक्का त्यांचा. "इथून पुढे आपलं सगळं लक्ष तीनवर," मेगन म्हणाली. तीन म्हणजे न ठरलेले.

मग नवा कागद वाटला. त्यात नोकऱ्या होत्या, पेट्रोल होतं, घरांचे हप्ते, मुलांच्या शाळा होत्या. युद्ध अगदी खाली होतं, आणि त्याच्यापुढे लिहिलं होतं: विचारलं तरच.

काकांनी कागद दोनदा वाचला. चष्मा कपाळावर सरकवून माझ्याकडे पाहिलं. "अगं, छापताना वरचं खाली गेलं वाटतं."

"नाही काका. आता असंच बोलायचंय."

"बरं," ते म्हणाले आणि कागदाची घडी घालून खिशात ठेवला.

त्याच दिवशी मेगननं मला थांबवून घेतलं. तिनं कुठून तरी ऐकलं होतं की मी पुण्यात डेटाबेसचं काम करायची. "याद्या तू सांभाळशील? पगार नाही देता येणार, माहीत आहे तुला. पण काम खरं आहे." आणि तिनं खिडकीजवळचं टेबल दाखवलं. त्यावर एक कॉम्प्युटर होता, एक प्रिंटर आणि कागदाची पट्टी: अनघा – डेटा. मी त्या पट्टीकडे किती वेळ पाहत राहिले कोण जाणे. घरी येऊन निखिलला सांगताना माझा आवाज चढला होता. तो म्हणाला, "अगं, व्हॉलंटिअरच आहेस ना?" मी त्याच्याशी दोन तास बोलले नाही.

आमच्या त्या भागात तीनवाले राहायचे नव्या वसाहतींमध्ये. मोठी घरं, सारखी घरं. बरेचजण संरक्षणखात्याच्या कामाच्या कंपन्यांत, बरेचसे सैन्यातून निवृत्त. जूनच्या अखेरीस एका शनिवारी मी काकांबरोबर तिथे गेले. दमट, चिकट ऊन. झाडांवर किडे किर्र करत होते. काकांनी माकडटोपीच्या जागी टेनिस खेळणारे घालतात तशी पांढरी टोपी घातली होती. दार उघडल्यावर ती काढली. आणि नोकऱ्या, पेट्रोल वगैरे सगळं बाजूला ठेवून त्यांनी सुरुवात केली, "माझं नाव श्रीधर. माझा मुलगा इराकमध्ये आहे..."

समोरची बाई तिशीची असेल. कडेवर बाळ होतं. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "माझा नवरापण तिथेच आहे. तुम्ही मला सांगताय की तो उगाच गेलाय?"

"नाही, मी तसं—"

"तसंच सांगताय," ती म्हणाली. तिनं दार हळूच लावलं. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

काका टोपी हातात धरून तसेच पायरीवर उभे राहिले. मग म्हणाले, "तिचं चुकलं नाही गं." थोड्या वेळानं, "मी परत बेल वाजवून सॉरी म्हणू का?" मी त्यांना दंडाला धरून गाडीत आणलं. थर्मास होता, पण तो कुणी उघडला नाही.

सोमवारी त्या बाईचं ईमेल ऑफिसात आलं. चांगल्या भाषेत होतं, त्यामुळे जास्त लागलं. मेगननं ते वाचलं, कपातलं सिरिअल टेबलावर ठेवलं आणि मला बोलावलं. "मला ते फार आवडतात," ती म्हणाली. "फेब्रुवारीत मला असे दहा हवे होते. पण आता ते एका दारात बोलले की मला ते घर गमवावं लागतं. तूच सांग, मी काय करू?"

मी भिंतीवरच्या नकाशाकडे पाहिलं.

"घरून करता येईल असं काहीतरी दे त्यांना. दुखवू नकोस. ते तुझं ऐकतात."

काय द्यायचं, हे तिनं सांगितलं नव्हतं. ते मी ठरवलं.

माझ्या कॉम्प्युटरवर एक यादी होती, बाद झालेल्या नंबरांची. प्रायमरीच्या आधी इथे आणि वसंतात बाहेरच्या राज्यांत फोन करताना जे नंबर बंद निघाले, चुकीचे निघाले, फॅक्सला लागले, ते मी वेगळे काढून ठेवले होते. पुसायच्या आधी एकदा तपासायचे म्हणून. मी ती यादी छापली. चाळीस पानं. एकदाही नावं वाचली नाहीत. प्रिंटरमधून पानं गरम गरम बाहेर येत होती आणि मला वाटत होतं, किती सोपा मार्ग सापडला. काकांना काम राहील, मेगनची घरं राहतील, माझं टेबल राहील. कुणाला काही लागणार नाही.

"काका, हे जरा अवघड काम आहे," मी त्यांच्या घरी जाऊन सांगितलं. "हे लोक सापडतच नाहीत. चिकाटीचं काम आहे, म्हणून तुमच्याकडे आणलं."

त्यांचा चेहरा उजळला. हे लिहिताना मला थांबावं लागलं. उजळला, असंच लिहायला हवं, कारण तसंच झालं.

"आणि दारोदारचं?"

"त्याला आता कॉलेजची मुलं आलीत पुष्कळ."

"बरोबर आहे. या उन्हात माझे गुडघे कुरकुरतातच." ते मला सोपं करून देत होते, हे मला तेव्हा कळलं नाही.

मग सगळा उन्हाळा, दर शुक्रवारी दुपारी, मी त्यांच्याकडे झालेले कागद आणायला जायची. बसनं जायची, शेवटचा टप्पा चालत. काकू साबुदाण्याची खिचडी करून ठेवायच्या, नाहीतर थालीपीठ. काका जेवणाच्या टेबलावर फोन घेऊन बसलेले असायचे. शेजारी टोक केलेल्या दोन पेन्सिली. प्रत्येक नंबर ते तीनदा लावायचे: सकाळी, दुपारी, संध्याकाळी. कारण सकाळी माणूस कामावर असू शकतो. आणि प्रत्येक नंबरापुढे त्या नकाशातल्या अक्षरात नोंद: बंद. बंद. फॅक्स. रिंग जाते, उचलत नाही. बंद.

मी कागद वरवर चाळायची, "छान झालं काका" म्हणायची, आणि ऑफिसात येऊन रद्दीच्या खोक्यात टाकायची.

ऑगस्टमधल्या एका शुक्रवारी ते दारातच उभे होते. "अनघा, आज एक लागला!"

मी पायरीवरच थांबले. "कोण?"

"कुणी म्हातारा आहे. आधी तो नंबर दुसऱ्याचा होता म्हणे, आता याला मिळालाय. तो काही आपल्याला मत देणार नाही, त्यानं सांगून टाकलं. पण वीस मिनिटं बोलला. समीरचं पूर्ण नाव विचारलं. मी स्पेलिंग सांगितलं. म्हणाला, रविवारी चर्चमध्ये प्रार्थनेत घेईन."

काकू आतून म्हणाल्या, "तेव्हापासून घरात येरझारा चालल्यात यांच्या."

"हे कुठे लिहायचं?" काकांनी मला विचारलं. "यात रकाना नाही याला."

"राहू द्या काका," मी म्हटलं. "आपल्याला मत देणार नसेल तर पाच लिहा."

त्यांनी पेन्सिल उचलली, माझ्याकडे पाहिलं आणि पाच लिहिला.

ऑफिसात मात्र माझं नाव होत होतं. गर्दी वाढली होती, भिंतीवरचा नकाशा रंगांनी भरत होता. तीनचे दोन होत होते, म्हणजे आपल्याकडे झुकत होते. कुणाला काही विचारायचं असलं की लोक म्हणायचे, "अनघाला विचार." मी जोरात बोलायला लागले होते, जलद चालायला लागले होते. आईला फोनवर "मजेत आहे" म्हणायची तेव्हा ते खरं असायचं. मेगननं आखलेलं सगळं बरोबर ठरत होतं, हेही सांगायला हवं. त्या वसाहतींमधून आमची मुलं पेट्रोलबद्दल, शाळांबद्दल बोलत फिरली, आणि दारं उघडत गेली. मी स्वतः त्या याद्या पाहिल्यात. चुकीचं काही नव्हतं त्यात. परक्या माणसाशी बोलायला जायचं तर त्याच्या गरजेचं बोलावं, हे कुणीही मान्य करील. मग या शहाणपणाचा मला आज त्रास का होतो?

मला वाटतं, त्रास कागद बदलल्याचा नाही. फेब्रुवारीत ज्या माणसाच्या शब्दांवर आम्ही उभे राहिलो, त्याला जूनमध्ये मी खरं सांगितलं नाही, याचा आहे. "काका, तुमचं बोलणं आता चालत नाही" एवढंच वाक्य होतं. ते त्यांनी ऐकून घेतलं असतं. रागावले असते, दोन दिवस फोन उचलला नसता, काकूंनी मध्यस्थी केली असती. पण ते माझ्याशी भांडू शकले असते. मी त्यांना तेवढीही संधी दिली नाही. म्हाताऱ्या माणसाला दुखवायचं नाही असं म्हणून आपण त्याला किती सहज लहान मूल करून टाकतो.

नोव्हेंबरात आम्ही जिंकलो. देशभर आणि आमच्या राज्यातही. ऑफिसात लोक रडत होते, अनोळखी माणसं मिठ्या मारत होती. मेगननं मला उचललंच. त्या गर्दीत काका नव्हते. त्यांना बोलवायचं माझ्या लक्षातच आलं नाही.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण माझ्याकडे त्यातलं थोडंच आहे. समीर दुसऱ्या वर्षी सुखरूप परत आला. काका विमानतळावर गेले होते, असं काकूंनी फोनवर सांगितलं. त्याला टेक्ससमध्ये प्लेनोला नोकरी लागली आणि काका-काकू घर विकून त्याच्याजवळ राहायला गेले. मला कामाची परवानगी मिळाली, मग नोकरी, मग मूल, मग ग्रीन कार्ड. दिवाळीला फोन व्हायचे, पुढे त्यांची जागा मेसेजनी घेतली. काका गेले तेव्हा काकूंनी कळवलं. मी विमानाचं तिकीट पाहिलं होतं. मुलीची परीक्षा होती, गेले नाही. नंतर एकदा समीरशी फोनवर बोलले. त्याच्या मोडक्या मराठीत तो म्हणाला, "बाबा खूप सांगायचे तुमच्याबद्दल. He said you ran that whole office." मी "नाही रे, तसं काही नाही" म्हटलं. ते विनयानं म्हटल्यासारखं वाटलं असणार.

मी आता सिटिझन आहे. मत देते. पण मागायला पुन्हा कुणाच्या दारात गेले नाही.

एक दुपार मात्र अजून सांगायची राहिली आहे. निकालानंतरचा शनिवार. मी काकांकडे पेढे घेऊन गेले. काका मागच्या अंगणात पालापाचोळा ओढत होते. दाताळ्याचा खरखर आवाज स्वयंपाकघरात येत होता. काकू पेढ्यांचा डबा उघडता उघडता सहज म्हणाल्या, "बरं झालं बाई संपलं एकदाचं. ते बंद फोन लावून लावून यांचा कान दुखायला लागला होता."

"बंद?" मी म्हटलं.

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना वाईट वाटलं असावं, बोलून गेल्याचं. मग त्या खुर्ची ओढून बसल्या.

"अगं, पहिल्याच आठवड्यात कळलं त्यांना. त्यात समीरचा नंबर होता ना. इथे अपार्टमेंटमध्ये राहायचा तेव्हाचा, जाताना त्यानं बंद केलेला. नाव छापलेलं होतं पुढे."

दाताळं चालूच होतं बाहेर.

"मी म्हटलं, फेकून द्या ते कागद, काय थट्टा आहे ही. तर म्हणाले, नको. अनघा येते दर शुक्रवारी. पोरीला पहिल्यांदा टेबल मिळालंय तिथे. आपण गडबड केली तर तिच्यावर येईल." काकूंनी डब्याचं झाकण लावलं. "आणि समीरचा नंबरपण लावला हो त्यांनी. तीनदा. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. तसाच. बंद लिहिलं पुढे."

तो कागद माझ्या हातातून गेला होता. मी तो रद्दीच्या खोक्यात टाकला होता.

मागचं दार उघडलं. काका आत आले, कपड्यांना ओल्या पानांचा वास, नाक थंडीनं लाल. "अरे वा, पेढे!" म्हणाले. हात धुतले, एक पेढा अर्धा करून काकूंना दिला, अर्धा तोंडात टाकला आणि माझ्यासमोर बसले.

"काका," मी म्हटलं, "ते नंबर..."

ते माझ्याकडे पाहत राहिले. रागानं नाही. वाट पाहावी तसे. किती वेळ, मला सांगता येणार नाही, पण पुरेसा वेळ होता. वाक्य माझ्या जिभेवर आलेलं होतं. काकू ओट्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मी पेढ्याच्या कागदाची घडी घालत होते, उलगडत होते.

मग काकांनीच नजर काढून घेतली. मला सोडवावं तसं त्यांनी विचारलं, "तुझ्या वर्क परमिटचं काय झालं गं? काही हाललं का पुढे?"

आणि मी हुश्श करून सांगायला लागले. वकील काय म्हणाला, कुठला फॉर्म भरायचा, निखिलच्या कंपनीनं काय कळवलं, सगळं. काका मान डोलवत ऐकत होते. मधे मधे नीट प्रश्न विचारत होते.